तंबूचे सुती कापड सोलापुरात विणावे

महोदय,

लडाख-स्पितीच्या हिवाळ्यात तंबूत धुराड्याची शेगडी पेटवायची, तर जाड सुती कॅनव्हासच हवा. कारण नायलॉन ठिणगीने वितळते, तर सुती कापड श्वासाची वाफ बाहेर सोडते आणि भिजल्यावर त्याचे धागे फुगून छिद्रे बुजतात. हा कॅनव्हास जड असतो हे खरे, पण गाडीतून नेता येतो. चादरी-टॉवेल विणणाऱ्या सोलापूरच्या यंत्रमागधारकांनी या कापडाचा गांभीर्याने विचार करावा, असे मला मनापासून वाटते. मात्र अशा तंबूला धुराडे जिथून बाहेर जाते तिथे उष्णतारोधक गोल कडे आणि खाली-वर झरोके असायलाच हवेत, कारण शेगडीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईड या विषारी वायूला ना रंग असतो ना वास, आणि झोपलेल्या माणसाला धोक्याची जाणीवही होत नाही. कोळशाची उघडी शेगडी तर तंबूत कधीही नेऊ नये.

– एक वाचक, सोलापूर