लाल पेन आणि कलम 99: उच्च व तंत्रशिक्षण मंत्र्यांना खुलं पत्र

माननीय मंत्री,
उच्च व तंत्रशिक्षण, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

विद्यापीठ कायद्याच्या कलम 99 खाली व्हायच्या, पण रखडलेल्या विद्यार्थी परिषदांच्या निवडणुकांविषयी आणि मुलांच्या नियतकालिकांविषयी हे पत्र आहे.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी मी तीसेक वर्षं मराठी शिकवलं. त्यातली बरीच वर्षं महाविद्यालयाच्या नियतकालिकाचा 'प्रमुख संपादक' होतो. नियतकालिक हा शब्दच गमतीचा. वर्षातून एकदा निघायचं, तेही नियत काळी क्वचितच. आत संस्थापकांचा फोटो, मग पदाधिकाऱ्यांचे फोटो, मग प्राचार्यांचं मनोगत, मग माझं संपादकीय, आणि अंक चांगला हाताळून झाल्यावर कुठंतरी पहिला विद्यार्थी भेटायचा. 'विद्यार्थी संपादक' म्हणून एका मुलाचा पासपोर्ट फोटो छापायचो. तो फोटो वेळेवर आणून देणं एवढंच त्याचं संपादन.

एका वर्षी बी. ए.च्या दुसऱ्या वर्गातल्या मुलानं 'आमचं वसतिगृह' असा लेख दिला. शुद्धलेखन यथातथाच, पण नजर पक्की. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वाजता जातं, कोणत्या संडासाची कडी कधीपासून तुटली आहे, अनामत परत मिळवायला कार्यालयात किती चकरा होतात, हे त्यानं वहीत रोजच्या रोज टिपून ठेवलं होतं. मी लेख प्राचार्यांना दाखवला. ते म्हणाले, "सर, नॅकची समिती यायचीय." (नॅक म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करून श्रेणी देणारी संस्था.) पुढं काही बोलले नाहीत, बोलायची गरजही नव्हती. अंक निघाला तेव्हा त्या लेखात वसतिगृहासमोरचा गुलमोहर होता, पहाटेचा गारवा होता, खोलीतल्या मित्रांची थट्टामस्करी होती. पाणी नव्हतं. ते माझ्या लाल पेनानं काढलं होतं. मुलानं अंक घेतला, लेख उघडून बघितला, "थँक्यू सर" म्हणाला आणि गेला. पुढच्या वर्षी त्यानं लेख दिला नाही.

त्या मुलानं तक्रार घेऊन खरं तर जायला हवं होतं विद्यार्थी परिषदेकडे. ती होती की! जी. एस., म्हणजे परिषदेचा सचिव होता, वर्ग प्रतिनिधी होते, स्नेहसंमेलनात त्यांच्या छातीवर बिल्ले असायचे. फक्त त्यांना मुलांनी निवडलेलं नव्हतं, गुणपत्रिकेनं निवडलं होतं.

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी थोडं मागं जातो. आपल्याला हे ठाऊक असणारच. घटनेच्या एकसष्टाव्या दुरुस्तीनं 1989 साली मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं. अठरा वर्षांचं पोर देशाचं सरकार निवडायला लायक ठरलं. त्याच वर्षी मुंबईत एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला, महाविद्यालयीन निवडणुकांतल्या हाणामाऱ्यांची चर्चा राज्यभर पेटली, आणि 1994 चा विद्यापीठ कायदा आला तेव्हा मुलांचं थेट मतदान गेलं. दिल्लीनं दिलेलं मत पाच वर्षांत मुंबईनं काढून घेतलं, निदान कॉलेजच्या फाटकाच्या आत तरी. मागच्या परीक्षेत वर्गात जो पहिला, तो वर्ग प्रतिनिधी. खेळ, एनएसएस, एनसीसी, सांस्कृतिक यांचे प्रतिनिधी प्राचार्यांनी नेमायचे. मग या साऱ्यांनी मिळून सचिव निवडायचा.

पहिल्या येणाऱ्या मुलांविषयी माझ्या मनात आकस नाही, आयुष्यभर त्यांच्याच जिवावर निकाल लावले. पण एका वर्षी नोटीस बोर्डावर नाव लागल्यावर एक मुलगी डोळ्यांत पाणी आणून माझ्याकडे आली होती. "सर, माझं नाव काढा ना. घरी कळलं तर कॉलेज बंद करतील." आणि तिची भीती अगदीच निराधार नव्हती. सचिवपदाचं मतदान या मूठभर मुलांच्या हातात आल्यामुळे ती मूठ वळवणं फार सोपं झालं. हजार मुलांना पळवून नेता येत नाही, पंधरा जणांना येतं. मतदानाच्या आधी आठवडाभर आमचे 'हुशार' विद्यार्थी वर्गातून गायब व्हायचे. कुणी महाबळेश्वरला, कुणी गोव्याला. जीप कुणाच्या, हॉटेलचं बिल कुणाचं, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. परतल्यावर एकानं मला भाबडेपणानं सांगितलं होतं, "सर, मी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र बघितला." गुंडगिरी नको म्हणून केलेल्या व्यवस्थेतली ही गोष्ट. पुढं आमदारांच्या रिसॉर्टवाऱ्या टीव्हीवर बघताना मला माझे वर्ग प्रतिनिधी आठवायचे.

म्हणूनच महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 हाती आला तेव्हा मी कलम 99 दोनदा वाचलं. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी, राखीव प्रवर्गाचा एक प्रतिनिधी, आणि हे सारे विद्यार्थ्यांच्या मतांनी. शिवाय विद्यापीठाच्या अधिसभेत, म्हणजे सिनेटमध्ये, विद्यापीठ विद्यार्थी परिषदेच्या अध्यक्षाला नि सचिवाला जागा. कायदा 1 मार्च 2017 पासून लागू झाला. 2018 मध्ये निवडणुकीचे नियमही आले. 2019 मध्ये निवडणुका ठरल्या आणि पुढं ढकलल्या गेल्या. त्या वर्षी सांगली-कोल्हापूरला महापूर होता, विधानसभा तोंडावर होती, मान्य. मग कोविड; तेही मान्य. पण कोविड उठला, शाळा उघडल्या, लोकसभा झाली, विधानसभा झाली. कलम 99 ला काही मुहूर्त लागला नाही. कायदा करणाऱ्या सरकारनंच तो बासनात बांधून ठेवावा, असं हे प्रकरण आहे, आणि त्यात पक्ष कोणताही असो, मधल्या काळात खुर्चीत बसलेल्या सगळ्यांचाच वाटा आहे.

मला ठाऊक आहे, फाइलवर काय शेरा येतो. 'शैक्षणिक वातावरण बिघडण्याची शक्यता.' राजकीय पक्ष आवारात शिरतील, पैसा येईल, मारामाऱ्या होतील. भीती खोटी नाही. पण पक्ष शिरतील म्हणजे काय? ते बाहेर कधी होते? मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांतून दहा जण निवडून जातात. ती निवडणूक लांबत लांबत, स्थगित होत, शेवटी उच्च न्यायालयानं सुनावल्यावर 24 सप्टेंबर 2024 रोजी झाली. दहाच्या दहा जागा युवासेनेच्या ठाकरे गटानं जिंकल्या. समोर कोण लढलं हेही आपण जाणता. त्यात गैर काही नाही, कायदेशीर निवडणूक होती. पण पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांनी पक्षाच्या बळावर लढलेलं चालतं, आणि आत शिकणाऱ्यांनी स्वतःच्या बळावर लढलेलं चालत नाही, हा कुठला न्याय?

पैशाचं आणि पोस्टरांचं उत्तर तर केव्हाच देऊन झालंय. माजी मुख्य निवडणूक आयुक्त लिंगडोह यांच्या समितीच्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली देशभरातल्या महाविद्यालयांना आणि विद्यापीठांना लागू केल्या. उमेदवाराचा खर्च 5000 रुपयांच्या आत. छापील पोस्टर नाही, हातानं रंगवलेलं, तेही नेमून दिलेल्या भिंतीवर. 75 टक्के हजेरी. अर्ज भरण्यापासून निकालापर्यंत सारं दहा दिवसांत. दिल्ली विद्यापीठात 2024 मध्ये उमेदवारांनी भिंती विद्रूप केल्या, तर तिथल्या उच्च न्यायालयानं भिंती साफ होईपर्यंत मतमोजणीच अडवली. सप्टेंबरच्या मतदानाचा निकाल नोव्हेंबरात लागला. भिंती घाण झाल्या तर भिंती धुऊन घ्यायच्या असतात, मतपेटी फेकून द्यायची नसते. गडकरी, मुंडे, तावडे हे सारे विद्यार्थी चळवळीतूनच आले. आपल्या मंत्रालयात तर याची साक्ष द्यायला माणसं शोधावी लागणार नाहीत.

आता माझ्या मूळ दुखण्याकडे येतो, कारण निवडणूक हा त्याचा अर्धाच भाग आहे.

2017 साली मुंबई विद्यापीठानं उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या. 477 परीक्षा, सुमारे 17 लाख उत्तरपत्रिका. पुरेशी तयारी नाही, प्राध्यापकांना पुरेसं प्रशिक्षण नाही. राज्यपालांनी दिलेली 31 जुलैची मुदत उलटली, निकाल महिनोन्महिने रखडले, परदेशातले प्रवेश हुकले, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद सोडावं लागलं. या सगळ्या काळात मुलांना आपल्याच विद्यापीठात काय चाललंय हे कळत होतं ते वर्तमानपत्रांतून. मुलांनी निवडलेली परिषद नव्हती, म्हणून विचारणारं कुणी नव्हतं. मुलांचं स्वतःचं बातमीपत्र नव्हतं, म्हणून सांगणारंही कुणी नव्हतं. निवडून आलेला सचिव जर असा असेल की त्याच्या कारभारावर एक ओळ लिहायची कुणाला सोय नाही, तर तोही वर्षभरात प्राचार्यांच्या केबिनमधल्या चहाचा मानकरी होईल.

आपल्याकडे कॅम्पस माध्यमं म्हणून जी आहेत त्यांची अवस्था बघा. भित्तिपत्रक हे त्यातलं सर्वांत स्वस्त. 27 फेब्रुवारीला त्याचं उद्घाटन होतं, फीत कापतात, फोटो निघतो, आणि पुढच्या फेब्रुवारीपर्यंत त्याच कुसुमाग्रज विशेषांकावर धूळ बसते. नियतकालिकाची कथा वर सांगितलीच. त्याचं शुल्क मात्र प्रवेशाच्या पावतीवर दरवर्षी न चुकता असतं, विद्यार्थी परिषदेच्या शुल्काच्या शेजारीच. मुलं दोन्ही भरतात.

आणि रेडिओ. पुणे विद्यापीठाची 'विद्यावाणी' 107.4 एफएमवर 2005 पासून आहे, मुंबई विद्यापीठाचं केंद्र 107.8 वर. सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच रेडिओलहरी ही लोकांची मालमत्ता आहे असं सांगितलं, त्या निकालातून ही वाट निघाली. पण सामुदायिक रेडिओच्या नियमांत स्वतःच्या बातम्या आणि चालू घडामोडींना मनाई आहे. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा किंवा भाषांतर करून पुन्हा ऐकवायची तेवढी मुभा. म्हणजे विद्यापीठातल्या मुलांना आपल्या रेडिओवर दिल्लीतली बातमी ऐकवता येते. शेजारच्या वसतिगृहातली देता येत नाही. हा अधिकार केंद्राचा आहे हे मला कळतं. पण राज्याच्या उच्चशिक्षण मंत्र्यानं त्यासाठी एक पत्र दिल्लीला लिहायला काय हरकत आहे?

पत्रकारिता शिकणारी मुलं काय करू शकतात ते 2021 मध्ये दिसलं. पुण्यातली रानडे इन्स्टिट्यूट फर्ग्युसन रस्त्यावरून हलवून दुसऱ्या विभागात विलीन करण्याचं घाटलं, तेव्हा आजी-माजी विद्यार्थी एकवटले आणि तो निर्णय थांबला. ती संस्था शहरात होती, तिचे माजी विद्यार्थी वर्तमानपत्रांत होते. आमच्या तालुक्यातल्या मुलांचं कोण आहे?

मागणं फार नाही. येत्या शैक्षणिक वर्षाच्या वेळापत्रकात, प्रवेश संपल्यावर सहा ते आठ आठवड्यांच्या आत, विद्यार्थी परिषदेच्या निवडणुकीची तारीख छापा. लिंगडोह समितीनंही शैक्षणिक सत्र सुरू झाल्यापासून तेवढाच अवधी सांगितला आहे. आणि त्याच परिपत्रकात चार ओळी नियतकालिकासाठी घाला. संपादक मंडळ मुलांनी निवडावं, त्या शुल्काचा हिशेब त्यांना दिसावा, आणि शिक्षकानं व्याकरण सुधारावं, बदनामीकारक किंवा द्वेषाचं काही असेल तर हटकावं, पण लेख गाळायचा असेल तर कारण लेखी द्यावं. ही शेवटची अट फार जपून सुचवतोय. मला त्या वर्षी कुणी कारण लेखी मागितलं असतं, तर मी काय लिहिणार होतो? 'पाणी खरंच येत नाही, म्हणून'?

त्या मुलाचा मूळ लेख माझ्या कपाटात अजून आहे. फुलस्केपची चार पानं, पाठपोट. माझ्या लाल रेघांखालचा मजकूर वाचता येतो. मुलाचं आणि गावाचं नाव झाकून त्याची झेरॉक्स या पत्रासोबत आपल्या कार्यालयाला पाठवत आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक निवृत्त प्राध्यापक