फ्रीज शनिवारी येतोय

हँबुर्ग, रविवार रात्र

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, मंडईत घसरलात ते तुम्ही माझ्यापासून लपवलंत. खालच्या काकू बोलून गेल्या नसत्या तर मनगटाचं प्लॅस्टर मला कळलंही नसतं. फोन कायम आईच्या हातात आणि तुम्ही 'आंघोळीला गेलेत'. तीन आठवडे रोज आंघोळ, तीही नेमकी मी फोन करेन तेव्हाच! चिडलो नाहीये. म्हणजे चिडलो होतो, आता नाही.

तर, नवा फ्रीज घेतलाय. शनिवारी सकाळी येईल. पैसे भरून झालेत, त्यामुळे "कशाला उगाच" म्हणायची वेळ गेली. जुना मोडलेला नाही, माहीत आहे. पण त्याच्या फ्रीजरमधलं आईस्क्रीम चमच्याने अलगद निघतं, म्हणजे आत उणे 18 अंश काही होत नाही, आणि पालेभाजी महिनोन्‌महिने ठेवायची तर तेवढी थंडी लागते. हो, पालेभाजीच. आणि आत्याच्या मेथीची आठवण काढू नका. तिने जुडी रबरबँडसकट तशीच कोंबली होती, ती काळी पडणारच होती.

पोळीवाल्या मावशींशी माझं बोलणं झालंय. दर पंधरा दिवसांनी दोन तास जास्त थांबतील. पालक निवडून, धुऊन, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, की लगेच बर्फाच्या पाण्यात. मग घट्ट पिळून पिशव्यांमध्ये चपटा करून ठेवायचा. ती दोन मिनिटं चुकवायची नाहीत. पानातली विकरं तेवढ्याने थांबतात, नाहीतर गोठल्यावरही हळूहळू काम करत राहतात आणि रंग-वास दोन्ही घालवतात.

आई, तू म्हणशील ताजं ते ताजं. कबूल. सकाळी आणलेली जुडी दुपारी शिजली तर तिला तोड नाही. उकळताना थोडं सी व्हिटॅमिन आणि फोलेट पाण्यात जातं, तेही कबूल. पण आपल्याकडे जुडी त्याच दिवशी शिजते का, खरं सांग? दिवाळीत मी बघत होतो. सोमवारची मेथी गुरुवारी पेपरातून निघाली, निम्मी पिवळी. एकेक पान खुडताना तू मधेच बोटं चोळत होतीस, विचारलं तर म्हणालीस, "थंडीने होतं." तीन दिवसांत तेच सी व्हिटॅमिन आपल्या पायांनी निघून जातं, शिवाय वर तुझी बोटं. लोह, कॅल्शियम, चोथा मात्र फ्रीजरमधून फारसा कुठे जात नाही.

आणि बाबांची रक्त पातळ ठेवायची गोळी. पालेभाजीतलं व्हिटॅमिन के त्या गोळीच्या विरुद्ध काम करतं. डॉक्टर भाजी सोडा म्हणाले नव्हते, रोजचं प्रमाण सारखं ठेवा म्हणाले होते. तुम्ही काय केलंत? मंडईत गेलात की दोन दिवस ताटभर, मग चार दिवस नुसता बटाटा. रिपोर्टातला आकडा वरखाली होणार नाही तर काय? आता प्रत्येक पिशवी सारख्या वजनाची. पुढच्या तपासणीला मावशींनी भरलेली एक पिशवी किती ग्रॅमची, हे डॉक्टरांना सांगा, मगच सुरू करा.

सगळंच काही फ्रीजरमधलं चालत नाही. गोठताना पानातलं पाणी बर्फ होऊन पेशी फाडतं, म्हणून पान नंतर लुळं पडतं. त्याचा घोळाणा होणार नाही, पालकाची अख्ख्या पानाची भजी होणार नाहीत. डाळ-पालक, ताकातला पालक, मेथीचे पराठे यांत फरक बाबांनासुद्धा कळणार नाही. (कळला तरी सांगू नका.) गणपतीतलं अळू ताजंच. दादाच्या मुंजीनंतर त्या फदफद्याशी कोणी खेळू नये.

मेथीची एक जुडी मात्र दर आठवड्याला ताजी येऊ दे. लहानपणी तू निवडायला बसलीस की मी मांडीला टेकून खालचा ओला पेपर मोठ्याने वाचायचो. बातमीवर पानं पडायची, मी ती बाजूला सारायचो, तू परत तिथेच टाकायचीस. वाचायला मी शाळेत शिकलो असं बाबा सांगतात, पण ते खरं नाही. ती दुपार मला फ्रीजरमध्ये घालायची नाहीये. बाबा, ती जुडी आणायला नऊनंतर जा. पहाटे फरशी धुतलेली असते. चपला नकोत, बूट घाला. पिशवी मावशी उचलतील.

आता नीट ऐका. पिशवी आधी बाहेर काढून ठेवायची नाही, गोळा थेट फोडणीत टाकायचा. पाणी आटेपर्यंत झाकण नको. मीठ शेवटी आणि बेताने, कारण हा पालक आधीच आक्रसलेला असतो, ताज्या ढिगाच्या अंदाजाने घातलंत तर खारट होईल. वीज गेली तर फ्रीजरचं दार उघडून बघत बसू नका. पिशवीतला बर्फ पूर्ण वितळला असेल तर ती परत गोठवायची नाही. थंड असेल तर त्याच दिवशी शिजवा, कोमट झाली असेल तर सरळ टाकून द्या. आई, "वाया कशाला घालवायचं" हे त्या वेळी आठवायचं नाही.

बाबा, एक सांगायचं राहिलं. शेपूला नाक मुरडलं म्हणून तुम्ही मला गॅलरीत उभं केलं होतंत. इथे चिरलेला गोठवलेला शेपू छोट्या डब्यांत मिळतो, हे लोक तो काकडीवर घालतात. परवा तीन डबे आणले, मूगडाळ घालून भाजी केली. एकट्याने सगळी संपवली.

तुमचा,
धाकटा