तक्रार: कॅटामरानच्या श्राउडला (डोलकाठी बाजूने धरणाऱ्या तारेला) बसवलेली चुकीची फेरूल्स (तारेचं टोक दाबून पकडणारी धातूची नळकांडी) आणि न केलेली डेकदुरुस्ती

दिनांक: 24 मार्च 2025
करंजाळे, गोवा

प्रति,
व्यवस्थापक,
नौका दुरुस्ती व सुटे भाग विभाग,
मुंबई

विषय: होबी 16 बोटीच्या दुरुस्तीतील गंभीर त्रुटी आणि आपल्या 3 मार्चच्या उत्तराबाबत

महोदय,

माझी 2008 सालची होबी 16 ही कॅटामरान, म्हणजे दोन हलांची (तरंगत्या सांगाड्यांची) शिडाची बोट, ऑगस्ट 2024 मध्ये आपल्या कार्यशाळेत ट्रकने पाठवली होती. 22 नोव्हेंबरला ती परत मिळाली आणि 1,86,400 रुपयांचं बिल मी त्याच दिवशी चुकतं केलं. 16 फेब्रुवारीला, रविवारी, करंजाळ्याच्या समुद्रात तिची डोलकाठी कोसळली. तेव्हा माझी 16 वर्षांची मुलगी ट्रॅपीझवर (डोलकाठीवरून येणाऱ्या तारेला लटकून बोटीबाहेर) होती.

या घटनेबद्दल मी पाठवलेल्या ईमेलला आपण चार ओळींचं उत्तर दिलंत: बोट जुनी व वापरलेली आहे, खाऱ्या पाण्यात झीज होतेच, सबब हमी लागू नाही. त्या उत्तरात तुटलेल्या तारेबद्दल एक शब्दही नाही. म्हणून हे सविस्तर पत्र.

बोट वापरलेली आहे हे मला ठाऊक होतं. ती माझ्याकडे आली तेव्हाच तिच्या तारा जुन्या होत्या, सुकाणूच्या पिना खडखडत होत्या, ट्रॅम्पोलिनची (दोन हलांमध्ये ताणलेल्या कापडाची) शिवण उसवत होती आणि डाव्या हलचं डेक पुढच्या आडव्या नळीच्या जरा पुढे अंगठ्याने दाबलं की दबत होतं. हे सगळं मी आपल्याला फोटोंसह लिहून दिलं होतं. झिजलेले भाग बदलण्यासाठीच ती बोट आपल्याकडे आली होती. मग झीज हेच उत्तर कसं होऊ शकतं?

आता त्या दिवसाबद्दल. दुपारचा नेहमीचा खारा वारा होता, साधारण 12 नॉटचा. मच्छीमारांच्या छोट्या होड्याही बाहेर होत्या. सुकाणू माझ्या हातात होतं, मुलगी वाऱ्याकडच्या हलवर उभी राहून ट्रॅपीझच्या तारेला लटकून बाहेर झुकलेली. कसलाही झटका नाही, मोठी लाट नाही. उजव्या बाजूने एक कोरडा आवाज आला आणि साडेसव्वीस फुटांची डोलकाठी शिडासकट वाऱ्याखालच्या बाजूला आडवी झाली. मुलीच्या हार्नेसचा (कमरेच्या पट्ट्याचा) हूक त्याच काठीवरून येणाऱ्या तारेत अडकवलेला होता. ती पाण्यात ओढली गेली. शीड पाण्यावर पसरलं होतं आणि ती मला दिसत नव्हती. किती सेकंद गेले सांगता येणार नाही. तिने स्वतः हूक सोडवला आणि ती हलच्या पलीकडून वर आली. एका मासेमार दादांनी आपली जाळी टाकायचं थांबवून आम्हाला किनाऱ्यापर्यंत ओढून आणलं. त्या माणसाने पैसे घेतले नाहीत.

ही डोलकाठी तीनच ठिकाणी धरलेली असते: दोन बाजूंना दोन श्राउड आणि पुढे फोरस्टे (पुढची तार), जो खाली दोन्ही हलांच्या पुढच्या टोकांना जोडलेल्या ब्रायडलवर (दोन तारांच्या जोडीवर) येतो. वाऱ्याकडचा श्राउड गेला की काठीला धरायला दुसरं काहीच उरत नाही. त्यामुळे त्या तारेचं टोक कसं बांधलं आहे ही बारीकसारीक बाब नव्हे.

किनाऱ्यावर आल्यावर मी उजव्या श्राउडचं खालचं टोक तपासलं. तार तुटलेली नव्हती. थिंबलभोवती (फासाच्या आतल्या धातूच्या कडीभोवती) वळवून घेतलेलं तारेचं टोक फेरूलमधून सरकून बाहेर आलं होतं. फेरूलवर आपण काळी प्लास्टिकची नळी गरम करून घट्ट चिकटवली होती. ती कापली तेव्हा आत पांढरी भुकटी साचलेली होती. फेरूल अ‍ॅल्युमिनियमचं निघालं! स्टेनलेसच्या तारेवर अ‍ॅल्युमिनियम, आणि तेही खाऱ्या पाण्यात. हे दोन धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून राहिले की अ‍ॅल्युमिनियम झपाट्याने गंजतं. नौकांच्या कामात नवीन आलेल्या माणसालाही पहिल्यांदा हेच शिकवतात. इथे तांब्याचं, निकेल किंवा जस्ताचा मुलामा दिलेलं फेरूल हवं होतं. शिवाय ते एकाच जागी दाबलेलं होतं, तेही तिरकं. नीट काम करणारा माणूस ते ठरावीक ठिकाणी दाबतो आणि गेजने (मापकाने) मापतो. प्रत्येक फेरीनंतर मी बोट गोड्या पाण्याने धुते, पण त्या नळीच्या आत शिरलेलं मीठ धुऊन कसं निघणार? उलट त्या नळीमुळेच मला आतलं काही दिसलं नाही.

मी बाकीच्या चारही तारांवरच्या नळ्या कापून पाहिल्या. डावा श्राउड, फोरस्टे, ब्रायडलच्या दोन्ही तारा: सगळीकडे तेच फेरूल, सगळीकडे पांढरा थर. फोटो सोबत जोडले आहेत. बिलात मात्र 'संपूर्ण स्टँडिंग रिगिंग, मरीन दर्जा' (डोलकाठी धरणाऱ्या सगळ्या तारा) असं लिहून 41,500 रुपये लावले आहेत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात बोट अकरा वेळा समुद्रात गेली, प्रत्येक फेरीची नोंद माझ्या वहीत आहे. काढून टाकलेल्या जुन्या तारा त्याआधी कित्येक वर्षं टिकल्या होत्या. त्या परत द्या असं मी लेखी कळवलं होतं, तरी त्या आल्या नाहीत. कुठे गेल्या हेही कोणी सांगत नाही.

हे पाहिल्यावर मी डेककडेही वळले. डाव्या हलच्या दबणाऱ्या भागासाठी 'डी-लॅमिनेशन दुरुस्ती, इपॉक्सी इंजेक्शन' असे 38,000 रुपये बिलात आहेत. या कामात मऊ झालेल्या भागावर ओळीने बारीक भोकं पाडतात, फायबरचे सुटलेले थर पुन्हा चिकटावेत म्हणून त्यांतून पातळ इपॉक्सी (चिकटवणारी राळ) आत भरतात आणि मग भोकं बुजवून वरून जेलकोट (बाहेरचा गुळगुळीत थर) देतात. नाण्याने ठोकून पाहिलं तर चांगल्या भागावर खणखणीत आवाज येतो. माझ्या डेकवर त्या जागी अजूनही बद्द आवाज येतो. इथल्या फायबरच्या होड्या बांधणाऱ्या एका जुन्या कारागिराला बोलावून वरचा जेलकोट तळहाताएवढा खरवडून घेतला. खाली एकही भोक नाही. वर फक्त रंग चढवला होता. जे काम झालंच नाही त्याचे पैसे आपण घेतले आहेत.

न्यायाने सांगायचं तर सुकाणूचं काम उत्तम झालं आहे. नवे बुश आणि पिना अगदी नेमक्या बसल्या आहेत, खडखड पूर्ण गेली. ट्रॅम्पोलिनही घट्ट आणि सरळ ताणलेलं आहे. म्हणजे आपल्याकडे हातात कसब असलेले कारागीर आहेत. त्यामुळेच तारांचं काम कोणाकडे दिलं होतं आणि ते तपासलं कोणी, हा प्रश्न मला जास्त छळतो.

माझी मागणी स्पष्ट आहे. पाचही तारा नव्याने, योग्य फेरूल वापरून आणि मोजून दाबलेल्या, आपल्या खर्चाने पाठवाव्यात. टोकांवर काळी नळी नको, मला ती टोकं दिसली पाहिजेत. वाकलेली डोलकाठी आणि फाटलेलं मुख्य शीड बदलून द्यावं. डेकचे 38,000 रुपये परत करावेत. ते काम मी इथेच करून घेईन. माझ्या जुन्या तारा असतील तर परत कराव्यात, नसतील तर त्यांचं काय झालं ते लेखी कळवावं.

यांपेक्षाही तातडीची एक गोष्ट आहे, आणि त्यासाठी मी पंधरा दिवसही थांबणार नाही. याच फेरूलच्या पेटीतून आपण इतर किती बोटींच्या तारा बांधल्या आहेत? त्या प्रत्येक मालकाला आजच फोन करा. नळी कापून बघायला सांगा आणि तोवर बोट पाण्यात नेऊ नका म्हणून सांगा. माझी मुलगी पोहण्यात तरबेज आहे आणि हूक कसा सोडवायचा हे तिने किनाऱ्यावर अनेकदा करून पाहिलं होतं. दुसऱ्या बोटीवर पहिल्यांदाच हार्नेस घातलेलं एखादं मूल असू शकतं. असे फोन केल्याचं मला या आठवड्यातच लेखी कळवा.

बाकीच्या मागण्यांवर पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्यातल्या ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल करेन. फेरूल, कापलेल्या नळ्या आणि खरवडलेल्या डेकचे फोटो मी तारखेनिशी जपून ठेवले आहेत. आपला माणूस पाहायला येणार असेल तर बोट करंजाळ्यालाच आहे. या, मी स्वतः दाखवीन.

आपली,
एक ग्राहक

सोबत: बिलाची प्रत, आपल्या 3 मार्चच्या उत्तराची प्रत, 17 फोटो