मामा, हे जाहीर आभार

आदरणीय मामा,

आई तुम्हाला भाऊ म्हणायची, म्हणून माझे तुम्ही मामा. तुम्हाला मराठीचा गंध नव्हता. तुमच्या मुलीला यातलं सगळं सांगेनच, पण आधी हे आमच्या लोकांनी वाचायला हवं.

अमेरिकेतल्या सेंट पॉल शहरातला जानेवारी. आई कचरा टाकायला खाली उतरली आणि पार्किंगमध्ये बर्फावरून घसरली. अंगात कोट, पण खाली लुगडंच. आमच्यातल्याच एका गृहस्थांनी गाडीची काच खाली केली, मला ऑफिसात फोन लावला, ‘काकू पडल्यात, बघ’ म्हणाले आणि निघून गेले. मीटिंग होती म्हणे. नाव घेत नाही. आमच्या मराठी ग्रुपवर त्यांचं ‘सुप्रभात’ अजून रोज येतं.

तुम्ही मांसाच्या कारखान्यातली रात्रपाळी करून येत होतात. पडताना आईचं लुगडं गुडघ्याच्या वर सरकलं होतं. खुबा मोडलेला, त्यामुळे हात तिथवर पोचेना. तुम्ही आधी मान वळवलीत. तसंच दुसरीकडे बघत अंगातलं जॅकेट काढून तिच्या पायांवर घातलंत आणि मग शेजारी बर्फात बसलात. तिला उचलायची घाई केली नाहीत. अँब्युलन्स येईपर्यंत त्या थंडीत नुसत्या स्वेटरवर होतात.

ऑपरेशन झालं, आई चालू लागली, ते डॉक्टरांचं श्रेय. आई मात्र ऑपरेशनबद्दल चकार शब्द काढत नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याला जॅकेटचं सांगते. ‘माझी लाज राखली गं त्यानं.’

तुमची कहाणी नंतर तुकड्यातुकड्यांनी कळली, तीही मुलीच्या तोंडून. तुम्ही म्यानमारमधल्या कॅरेन जमातीचे. १९४९ पासून चाललेल्या युद्धात बर्मी सैन्यानं जाळलेलं तुमचं गाव. मोएई नदी ओलांडून थायलंडमधली ‘मे ला’ नावाची निर्वासितांची छावणी. बांबूचं घर, पानांचं छप्पर, रेशनचा तांदूळ, मीठ आणि मासळीची चटणी. कुंपणाबाहेर कामाला जायची बंदी. मुलगी तिथलीच. आणि एवढं होऊन अमेरिकेत आलात ते कर्ज घेऊन! निर्वासितांना विमानाचं तिकीट फुकट मिळतं असं मीही समजत होते. ते पैसे तुम्ही हप्त्या-हप्त्यानं फेडलेत. आमचं तिकीट कंपनीनं काढलं होतं. ‘हे निर्वासित म्हणजे देशावर ओझं’ असं ग्रुपवर लिहिणाऱ्यांपैकी बहुतेकांचंही.

शिकलेली, सुस्थितीतली माणसं आपोआप भली असतात असं मला लहानपणापासून वाटत आलं होतं. आमच्या घरात तसंच शिकवलं जायचं. पण ज्याचं घरदार गेलं, त्याला दुसऱ्याची अब्रू आधी दिसली. सगळ्यांच्याच बाबतीत असं होतं असं नाही म्हणत मी, दुःखानं कडवट झालेली माणसंही पाहिली आहेत. तुम्ही तसे झाला नाहीत, एवढंच.

उन्हाळ्यात तुमच्या वाफ्यात आईला अंबाडी दिसली तेव्हा ती लातूरच्या बाजारात असल्यासारखी ओरडली होती. तुम्ही बांबूचे कोंब आणि मासळी घालून करायचात, ती कण्या घालून, वर लसणाची फोडणी. तुमच्या पातेल्यावरचं झाकण निघालं की नाकाला पदर, तरी गप्पा चालूच. कुठल्या भाषेत, ते तुम्हा दोघांनाच ठाऊक.

गेल्या महिन्यात चर्चमध्ये तुम्हाला अखेरचा निरोप द्यायला कॅरेन मंडळी दाटीवाटीनं उभी होती. आई गावाकडे आहे, तिला मी फोनवर सांगितलं. बराच वेळ रडली आणि मग म्हणाली, पोरीला फोन दे.

फर्मान सुटलंय मामा. वाफा मोडायचा नाही. गेल्या वर्षीचं बी मुलीनं जपून ठेवलंय, गारठा सरला की आम्ही दोघी पेरणार आहोत. निम्मी भाजी मासळीची, निम्मी कण्यांची, हेही आईनंच ठरवून टाकलंय.

तुमची भाची