बुश बदलायचे की नाही, हे गाडीखाली वाकून ठरवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

जुन्या गाड्या मोडीत काढण्याविषयी आपल्या दैनिकात अधूनमधून छापून येते. ती कात्रणे मी जपून ठेवतो, कारण माझी गाडी त्याच वयाची आहे. २०१० ची डिझेल स्विफ्ट. २०१६ मध्ये कापसाचा चुकारा हाती आला तेव्हा मी ती जुनीच घेतली होती. २०२५ च्या डिसेंबरात तिच्या नोंदणीची १५ वर्षे संपत होती आणि नेमक्या त्याच वर्षी पोळ्याच्या सुमारास पुढच्या डाव्या चाकाकडून आवाज येऊ लागला. तो बुशचा, म्हणजे चाकाच्या जोडातल्या रबराचा, निघाला. पण तोवर गाडी ठेवायची की विकायची, यावरून घरात दोन महिने चर्चा चालली. ती माझ्यासारख्या अनेकांच्या घरी चालत असणार, म्हणून हे पत्र.

आमच्या गावापासून डांबरी सडकेपर्यंत अडीच किलोमीटर मुरुमाचा रस्ता आहे. खाली सगळी काळी जमीन. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्यामुळे वरून कितीही रोलर फिरवला तरी एका हंगामात रस्त्याला लाटा येतात. त्या लाटांवरून जाताना ‘टक, टक’ असा कोरडा आवाज यायचा. गावात गाडी वीस-पंचवीसच्या वेगाने चालते, तिथे नुसता आवाजच. पण माझ्या पत्नीला दर महिन्याला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात न्यावे लागते. यवतमाळ–वर्धा चौपदरी रस्त्यावर ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की गाडीचे तोंड डावीकडे सरकायचे. स्टिअरिंग घट्ट धरून मी ती सरळ करायचो. शेजारी पत्नी डोळे मिटून बसलेली असायची, तिला मी काही बोललो नाही. आमच्याकडची शकुंतला रेल्वे बंद पडली, एसटी बदलत बदलत आजारी माणसाला शंभरावर किलोमीटर नेणे होत नाही. गाडी आम्हाला मिरवायला नको, तिच्यावर विसंबता आले पाहिजे.

पहिल्या गॅरेजवाल्याने गाडी उचललीसुद्धा नाही. बोनेटवर हात ठेवून गाडी दोनदा दाबली आणि म्हणाला, “काकाजी, पुढचं सगळंच गेलं. दोन्ही लोअर आर्म, शॉकअप, लिंक रॉड. साडेसोळा हजार धरून चाला.” वर हेही म्हणाला, “नाही तर विकून टाका, पंधरा वर्षांच्या गाडीत कायले पैसा टाकता?” तीन दिवस मला तेच खरे वाटत होते. तेवढ्यात तूर फवारणीला आली आणि मी विषय बाजूला ठेवला.

पुढे ओळखीच्या एका मुलाकडे गेलो. त्याने आधी गाडी स्वतः चालवून पाहिली, मग जॅकवर घेऊन खाली घोडी (लोखंडी स्टँड) लावली आणि मलाच म्हणाला, “वाका काकाजी, पाह्यजा इकडे.” अठ्ठावन्नाव्या वर्षी मी पहिल्यांदा माझ्या गाडीच्या पोटाखाली शिरलो. चाकाला गाडीच्या सांगाड्याशी धरून ठेवणारा लोखंडी हात म्हणजे लोअर आर्म. तो सांगाड्याला दोन ठिकाणी जोडलेला असतो आणि त्या दोन्ही जोडांत लोखंडाच्या दोन नळ्यांमध्ये चिकटवलेले जाड रबर असते. तोच बुश. लोखंडावर लोखंड घासू नये, रस्त्याचा हादरा आत येऊ नये, तरी चाक आपल्या जागेवरून हलू नये, हे सगळे त्या मुठीएवढ्या रबराने सांभाळायचे. मुलाने टॉमी (लोखंडी पहार) अडकवून डावा आर्म हलवला. मागच्या बुशचे रबर आतल्या नळीपासून निम्म्याहून जास्त सुटले होते, फट उघडायची आणि मिटायची. मग गाडी चाकांवर उतरवून त्याने दुसऱ्या पोराला आत बसवले आणि ब्रेक धरून गाडी इंचभर पुढे-मागे करायला लावली. आर्म मागे सरकताना मी डोळ्यांनी पाहिला. ब्रेकच्या वेळी चाकाचा रोख बदलतो आणि तोंड डावीकडे का जाते, हे मला तिथे कळले. डाव्या टायरची आतली कड झिजली होती, तिचे कारणही तेच.

त्याने बाकीचेही तपासले, आणि मला महत्त्वाचे वाटते ते हे. खटखट झाली म्हणजे बुशच असे नाही. लिंक रॉड, शॉकअपचा वरचा माउंट, स्टिअरिंगचा रॅक एंड, चाकाजवळच्या अशा कोणत्याही भागाचा आवाज असाच येऊ शकतो. बॉल जॉइंट, म्हणजे आर्मच्या टोकाचा चाकाला धरणारा गोल जोड, त्याने सगळ्यांत आधी पाहिला, कारण तो निसटला तर चाक चालत्या गाडीत आडवे पडते. तो घट्ट होता. ढिला निघाला असता तर मी एक शब्द न बोलता पूर्ण आर्म घेतला असता. शॉकअपला तेलाची गळती नव्हती. उजव्या बाजूचे बुश फाटले नव्हते, पण रबर कडक होऊन एका बाजूला दबले होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, गाडी झाडाखाली उभी असली तरी खालून जमीन तापलेलीच. उष्णता, हवा आणि वर्षे यांनी रबर कडक होते, इंजिनचे तेल त्यावर ठिबकत राहिले तर उलट फुगून मऊ पडते. चाललेल्या किलोमीटरवर सगळे ठरत नाही.

आता पैशाचा भाग. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांनी पुन्हा पाच वर्षांसाठी करता येते. त्याचे शुल्क पूर्वी ६०० रुपये होते, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाले. पर्यावरण कर वेगळा. हे भरूनही गाडी तपासणीत उभी राहिली पाहिजे. दुसरीकडे, सुट्या भागांपैकी अनेकांवर २८ टक्के जीएसटी होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के झाला. मी वहीत मांडून पाहिले. इंजिन चांगले आहे, खालचा पत्रा गंजलेला नाही. जिथे आर्म बसतो ती जागाच गंजून गेली असती तर मी एक रुपयाही टाकला नसता, कारण तिथे नवा बुश बसवून काय उपयोग? तसे नव्हते. चार बुश १,२४० रुपये, जुने काढून नवे प्रेसवर बसवण्यासह मजुरी १,४०० आणि यवतमाळला जाऊन अलाइनमेंट (चाकांचा रोख सरळ करणे) ४००. एकूण ३,०४०. डावे-उजवे दोन्ही बदलले. एका बाजूला नवे कडक आणि दुसऱ्या बाजूला जुने दबलेले ठेवले तर गाडी दोन मनांनी चालते, असे तो मुलगा म्हणाला आणि मला पटले. पॉलियुरेथेन या कृत्रिम पदार्थाचे बुश जास्त टिकतात म्हणून एका मित्राने आग्रह केला होता. पण ते कडक असतात, रस्त्याचा हादरा आणि आवाज जास्त आत येतो. रुग्णालयातून पाठीत नळी टोचून घेऊन येणाऱ्या पत्नीला त्या गाडीत बसवायचे आहे, हे मी त्याला सांगितले. रबराचेच घेतले.

एक गोष्ट मी मुद्दाम लिहितो, कारण ती चुकली तर नवे बुशही लवकर फाटतात. आर्मचे बोल्ट चाक हवेत लोंबकळत असताना शेवटपर्यंत आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, तिचे वजन बसल्यावर आवळायचे. नाही तर रबर पहिल्या दिवसापासून पिळलेल्या स्थितीत राहते. त्या मुलाने बोल्ट आधी हातानेच लावले, गाडी खाली घेतली आणि मग खड्ड्यात उतरून पाना मारला. असे काम करणारी मुले आपल्या भागात आहेत. त्यांच्या दुकानावर पाटीही नसते.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. तालुक्यांच्या अनेक शासकीय आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम शिकवला जातो. तिथे महिन्यातून एक दिवस, शंभर-दोनशे रुपये शुल्क घेऊन, जुन्या गाड्यांची खालून तपासणी करून द्यावी आणि काय फाटले, काय चालेल हे कागदावर लिहून द्यावे. विकायला काही नसलेल्या माणसाचे मत ग्राहकाला मिळेल आणि विद्यार्थ्यांना खरी झिजलेली गाडी हाताळायला मिळेल. दुसरी विनंती गॅरेजवाल्या भावांना: काढलेला जुना भाग ग्राहकाच्या हातात द्या आणि कोणत्या बाजूचा, कोणत्या कंपनीचा नवा बसवला ते बिलावर लिहा. आणि आपण वाचकांनी तो मागायला संकोच करू नये. बियाण्याची पिशवी आपण टॅग पाहून घेतो, मग इथे डोळे का मिटतो?

काम झाल्यानंतर चार वेळा सेवाग्रामला जाऊन आलो. ब्रेक दाबला की गाडी सरळ थांबते. दुसऱ्या खेपेला देवळीजवळ पत्नीने विचारले, “आवाज बंद झाला नं?” म्हणजे तिलाही तो सगळा वेळ ऐकू येत होता.

मागच्या ॲक्सलचे दोन बुश मी बदललेले नाहीत. त्यांच्यावर बारीक भेगा आहेत, पण त्या वरवरच्या आहेत, रबर लोखंडापासून सुटलेले नाही. टॉमी लावून पाहिली, हालचाल नाही. मृग लागायच्या आत गाडी पुन्हा घोडीवर घेऊन पाहणार आहे.

आपला नम्र,
एक शेतकरी वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ