तोच ४२०, पण कुठे?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र वाचलं. खुशालीची चौकशी एका ओळीत उरकलीस आणि बाकी सगळं पत्र आकड्यांनी भरलंस, म्हणजे तब्येत ठणठणीत असणार. पोर्शची केमन ही स्पोर्ट्स कार घ्यायची हे ठरलं, गिअरबॉक्स मॅन्युअल हवा हेही ठरलं, अडलंय ते इंजिनापाशी. ७१८ केमन एस घ्यायची, म्हणजे अडीच लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून भरणारं. की जीटीएस ४.०, म्हणजे चार लिटरचं, सहा सिलिंडरचं, बिनटर्बोचं. पेट्रोलवरच्या ७१८ चं उत्पादन थांबलंय, त्यामुळे गाडी वापरलेलीच मिळणार आणि चांगल्या गाड्या हातोहात जातील, असं कुणीतरी तुझ्या डोक्यात भरवलेलं दिसतंय. जाऊ देत. इंजिन ठरल्याशिवाय एकही गाडी बघायला जाऊ नकोस.

तुझा युक्तिवाद असा की दोन्हींचा टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, ४२० न्यूटन मीटर. शून्य ते शंभर एस ४.६ सेकंदांत जाते, जीटीएस ४.५ सेकंदांत. एक दशांश सेकंदासाठी एवढे जास्त पैसे का मोजायचे? ऐकायला बिनतोड आहे. पण तुझ्या तक्त्यात एक रकाना राहिलाय. टॉर्क किती हे लिहिलंस, कितव्या आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्या होतात तेव्हा, हे लिहिलंच नाहीस. सगळी मेख तिथेच आहे.

एसचा ४२० मिळतो १९०० आरपीएमपासून आणि तो ४५०० पर्यंत तसाच टिकतो. जीटीएसचा ४२० सुरूच होतो ५००० ला आणि ६५०० पर्यंत राहतो. म्हणजे एकाचं जेवण आटोपल्यावर दुसऱ्याचं पान वाढलं जातंय. ताकद म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, त्यामुळे तोच टॉर्क वर मिळाला की हॉर्सपॉवर वाढते. एसची ३५०, जीटीएसची ४००. एसची ३५० येते ६५०० ला. उलटा हिशेब करून बघ, तिथे तिचा टॉर्क ३८० च्या आत उतरलेला असतो. जीटीएस त्याच ६५०० ला अजून ४२० वर ठाम असते आणि तिची लाल रेघ, म्हणजे आरपीएमची कमाल मर्यादा, ७८०० ला आहे. शून्य ते शंभरची शर्यत या दोन स्वभावांची सरासरी काढते, म्हणून उत्तर सारखं येतं.

आता हे पायाखाली कसं लागतं ते सांगतो, कारण मी दोन्ही चालवल्यात. तिसरा गिअर, २००० आरपीएम, ॲक्सिलरेटर पूर्ण खाली. एसमध्ये क्षणभर काही होत नाही, एक श्वास घ्यावा इतकाच वेळ, आणि मग पाठ सीटला चिकटते. जोर एकदम येतो आणि साडेचार हजारांपर्यंत तोच राहतो. सहा हजारांच्या पुढे ओढत राहण्यात फारसा अर्थ उरत नाही. हात आपोआप पुढच्या गिअरकडे जातो. जीटीएसमध्ये पाय दाबला त्याच क्षणी गाडी उत्तर देते, पण हळू आवाजात. ३००० ला बरी, ४००० ला आवाज बदलतो, ५००० ला मागून कुणीतरी दार उघडल्यासारखी सुटते आणि पुढचे अडीच-तीन हजार आरपीएम गिअर बदलावासाच वाटत नाही. एस चालवताना तू टॉर्क वापरतोस, जीटीएसमध्ये तो तुला कमवावा लागतो.

टर्बोचा तो क्षणभराचा थांबा कशामुळे, हे तुला ठाऊकच आहे: आधी एक्झॉस्टचा वायू वाढायचा, त्याने टर्बाइन फिरायचं, मग हवा दाबली जायची. एसमध्ये पोर्शने टर्बाइनभोवतीच्या पात्यांचा कोन बदलणारी रचना दिलीय. कमी आरपीएमला पाती मिटतात, वायू अरुंद वाटेने जोरात जातो आणि टर्बाइन लवकर वेग घेतं. दोन लिटरच्या साध्या ७१८ ला ही सोय नाही. त्यामुळे एसचा लॅग, म्हणजे हा थांबा, खरंच कमी आहे. पण कमी असणं वेगळं आणि नसणं वेगळं. वळणाच्या मधोमध पायाचा अंगठा जरासा हलवून गाडीचं नाक सावरायचं असतं ना, तिथे हा फरक कळतो. बिनटर्बोचं इंजिन पायाशी जणू दोरीने बांधलेलं असतं.

एवढं वाचून तुला वाटेल, हा गडी जीटीएसवर भाळलाय. थांब, तिच्याविरुद्धची बाजू मोठी आहे आणि ती कुणी नीट सांगत नाही. तिचे गिअर फार लांब आहेत. दुसऱ्या गिअरमध्ये लाल रेघेपर्यंत गेलास तर वेगाचा काटा ताशी १३० किलोमीटरच्या आसपास पोचतो. म्हणजे ज्या ५००० नंतरच्या मजेसाठी तू पैसे मोजणार, ती दुसऱ्या गिअरमध्येच ताशी ८० च्या पुढे सुरू होते आणि तिसऱ्यात तर सांगायलाच नको. सार्वजनिक रस्त्यावर, लायसन्स शाबूत ठेवून, ती मजा तू किती घेणार? एस तिचं सगळं काही ४५०० च्या आत देऊन मोकळी होते. मालवाहू ट्रकच्या मागे अडकलायस आणि समोर थोडीशी मोकळी जागा दिसलीय, तर एसमध्ये गिअर न बदलता निघून जाशील. जीटीएसमध्ये आधी एक-दोन गिअर खाली यावं लागेल. आणि उंचावर बिनटर्बोचं इंजिन दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद गमावतं, टर्बो ती तूट बरीचशी भरून काढतो. तुला डोंगरातले रस्ते आवडतात, हे यात धरायलाच हवं.

वजनाचा मुद्दा तू काढलास, तो इथे फारसा लागू नाही. सहा सिलिंडरचं इंजिन थोडं जड आहे खरं, पण केमनमध्ये ते सीटच्या मागे, पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधे बसतं. त्याने नाक जड होत नाही. इंजिन पुढे असलेल्या गाड्यांत गोष्ट वेगळी. टोयोटा जीआर सुप्राची दोन लिटरची आवृत्ती तीन लिटरवालीपेक्षा जवळजवळ १०० किलोंनी हलकी आहे आणि त्यातला मोठा वाटा पुढच्या चाकांवरचा. तिथे लहान इंजिन घेणाऱ्याला मी कंजूस म्हणणार नाही. माझदा एमएक्स-५ मध्ये तर तू दीड लिटर आणि दोन लिटर यांत विचारलं असतंस, तर डोळे मिटून दीड सांगितलं असतं. ते इंजिन साडेसात हजारांपर्यंत आनंदाने फिरतं आणि त्याची सगळी ताकद साध्या रस्त्यावर वापरता येते. जपानमध्ये कापडी छताची एमएक्स-५ कित्येक वर्षं फक्त त्याच इंजिनात विकली गेली. तेव्हा मोठं ते चांगलं असं माझं अजिबात म्हणणं नाही.

जास्तीत जास्त आकड्यावर विश्वास ठेवू नकोस, एवढंच म्हणणं आहे. पहिल्या पिढीची टोयोटा ८६ आठव. कागदावर २०० हॉर्सपॉवरचं छान इंजिन, पण ३५०० ते ४५०० च्या दरम्यान टॉर्कला चक्क खड्डा. नेमकं रोज जिथे चालवायचं तिथेच. माहितीपत्रकात त्याचा उल्लेख नव्हता, आलेखात मात्र तो ढळढळीत दिसायचा. पुढच्या जीआर८६ ला २.४ लिटरचं इंजिन दिलं, तेव्हा हॉर्सपॉवर वाढल्यापेक्षा तो खड्डा बुजल्याचा आनंद लोकांना जास्त झाला. म्हणून दोन्ही केमनचे टॉर्कचे आलेख शेजारी ठेव आणि त्यावर तुझ्या रोजच्या चालवण्याचा पट्टा पेन्सिलने रंगव. मग बोलू.

गिअरबॉक्सच्या बाबतीत तू नशीबवान आहेस, दोन्हींत मॅन्युअल मिळतो. सगळीकडे तसं राहिलेलं नाही. लोटसच्या एमिरा या गाडीत चार सिलिंडरचं टर्बो घेतलंस तर ऑटोमॅटिकच, मॅन्युअल हवा तर सहा सिलिंडरचं व्ही-सिक्सच घ्यायला हवं. २०२४ पासूनच्या फोर्ड मस्टँगमध्येही चार सिलिंडरबरोबर मॅन्युअल बंद. तिथे इंजिन निवडलं की क्लच दाबणाऱ्या डाव्या पायाचं भवितव्यही ठरून जातं.

राहिला आवाज. तू लिहितोस, ‘आवाजाचं काही नाही, सवय होते.’ तुझ्या तोंडी हे वाक्य शोभत नाही. बोलता बोलता थांबून, शेजारून गेलेल्या गाडीचे सिलिंडर आवाजावरून ओळखणारा माणूस तू. २०१६ मध्ये केमनचं सहा सिलिंडरचं इंजिन जाऊन चार सिलिंडरचं आलं, तेव्हा सगळ्यात मोठी ओरड वेगाबद्दल नव्हती, आवाजाबद्दलच होती. एसचा आवाज वाईट नाही, कामसू आहे. थंड इंजिन सुरू करताना घरघरतं आणि नंतर एकसुरी गुरगुरत राहतं. जीटीएसमध्येही एक गंमत आहे, सांगून ठेवतो, नाहीतर बिघाड समजशील. १६०० ते ३००० आरपीएममध्ये हलक्या पायाने चालवताना पेट्रोल वाचवायला ती एका बाजूचे तीन सिलिंडर बंद ठेवते आणि थोड्या थोड्या वेळाने बाजू बदलते. कान देऊन बसलास तर आवाजात बारीकसा फरक जाणवतो. तू कान देऊन बसणारच.

तर माझं मत. रोज ऑफिसला हीच गाडी नेणार असशील आणि ट्रॅकवर जाणं हे नुसतं बोलण्यापुरतं असेल, तर एस घे आणि वाचलेल्या पैशांत टायर, ब्रेक आणि ट्रॅकवरचं शिक्षण. पण तू लिहिलंयस की रोजच्याला दुसरी गाडी आहे आणि ही फक्त सुट्टीच्या सकाळी निघेल. मग ४५०० च्या आतली सोय तुला कशाला हवी? सोयीसाठी कुणी दोन सीटची गाडी घेत नाही. जीटीएस घे. लांब गिअरांची कुरकुर तू पहिले काही महिने करशील, ती ऐकून घ्यायला मी आहे.

बघायला जाशील तेव्हा आधी एस चालव, मग जीटीएस. उलटं केलंस तर एसवर अन्याय होईल. इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांग. आधीच तापवून ठेवलेलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी जा. तेल गरम झाल्याशिवाय ४००० च्या वर नेऊ नकोस आणि विकणारा नेत असेल तर मनात नोंद ठेव. सर्व्हिसचे कागद तू बघशीलच, पण त्याहून महत्त्वाचा ओव्हर-रेव्ह रिपोर्ट. पोर्शचा इंजिन कॉम्प्युटर लाल रेघ किती वेळा आणि कितपत ओलांडली याची टप्प्याटप्प्याने नोंद ठेवतो. खालचे टप्पे फारसे मनावर घेऊ नकोस, जोरात चालवताना ते होतं. वरच्या टप्प्यांत नोंदी असतील तर कुणीतरी गाडी पाचव्या गिअरमधून चौथ्याऐवजी चुकून दुसऱ्यात घातलेली आहे. तेव्हा चाकंच इंजिनाला फिरवतात, पेट्रोल तोडणारा लिमिटर काहीही करू शकत नाही. मॅन्युअल घेतोयस म्हणून हे मुद्दाम सांगतोय. त्याच रिपोर्टात इंजिन किती तास चाललं हेही असतं. किलोमीटरला तासांनी भाग, सरासरी वेग कळेल आणि गाडी शहराच्या गर्दीत पिचलीय की मोकळ्या रस्त्यावर फिरलीय याचा अंदाज येईल.

रिपोर्ट द्यायला विकणारा खळखळ करत असेल तर चहा पिऊन निघून ये. दिला तर ॲडव्हान्स देण्याआधी मला पाठव, आपण फोनवर ओळ न् ओळ बघू. आणि पिवळ्या रंगाबद्दल जे विचारलंयस त्यावर माझं उत्तर अजूनही नाही असंच आहे.

तुझाच,
जुना सहप्रवासी