शस्त्रक्रिया पुढे ढकलली म्हणून

कोथरूड, पुणे

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

काल तू फोन आपटलास, त्यानंतर बराच वेळ झोप आली नाही, म्हणून आज स्वस्थपणे लिहायला बसले आहे. तू आठ दिवसांची रजा टाकलीस, तिकीट काढलेस आणि आयत्या वेळी डॉक्टरांनी माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया पुढे ढकलली, याचा तुला राग येणे स्वाभाविक आहे. मात्र हे सारे पैसे उकळण्याचे धंदे आहेत, हे तुझे म्हणणे मला पटले नाही. तसे असते तर त्यांनी मला मुकाट्याने टेबलावर घेतले असते.

माझी तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) ८.९ टक्के आली आणि ती साडेसातच्या आत येईपर्यंत थांबायचे, असे त्यांनी सांगितले. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांना चिकटलेल्या साखरेवरून मागचा सगळा हिशेब निघतो. दोन दिवस पथ्य पाळून तो लपवता येत नाही. (मी तसा प्रयत्न केला होता, हे फक्त तुला सांगते.) साखर चढलेली असली की पांढऱ्या पेशी सुस्तावतात, जखम भरायला वेळ लागतो, आणि बसवलेल्या सांध्यावर जंतूंनी एकदा थर धरला की औषध त्याच्या आत नीट पोहोचत नाही. मग पुष्कळदा पुन्हा गुडघा उघडायचा, सांधा काढायचा, कित्येक आठवडे अँटिबायोटिक घ्यायचे आणि त्यानंतर दुसरा बसवायचा. शंभरात एखाद-दुसऱ्यालाच असा जंतुसंसर्ग होतो, पण साखर हाताबाहेर असली की तो धोका वाढतो. नानांच्या अंगठ्याचे सगळे आपण पाहिले आहे, त्यामुळे मला फार समजवावे लागले नाही.

तुझ्या तपासणीचे काय झाले? हे विचारायचे नाही असे ठरवूनच पत्र लिहायला घेतले होते.

साबुदाण्याच्या बरणीमागचा आंबावड्यांचा डबा परवा वॉचमनच्या मुलांना देऊन टाकला. एक वडी मागे ठेवली होती, ती संध्याकाळी खाल्ली. वजनही उतरवायचे आहे. एक किलो उतरले तर पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलोंचा भार कमी होतो म्हणे. याच गुडघ्यांवर तुला कडेवर घेऊन मी पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढत असे, आणि वर पोचल्यावर तू खाली बोट दाखवून ‘पुन्हा’ म्हणायचास.

तू म्हणतोस, मी बारीक आहे, मला कसली साखर? आपल्या पुण्याच्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तुझे हातपाय नानांसारखे काडीसारखे आहेत, परंतु गणपतीतल्या फोटोत सदऱ्याची खालून दुसरी गुंडी ताणलेली मला दिसली. एवढ्या माणसांचे काम सांभाळतोस याचे कौतुक मी जिन्यात भेटेल त्याला सांगते, आणि तू रात्री साडेअकराला जेवतोस हे मात्र कुणालाच सांगत नाही.

उपदेश फार झाला, क्षमा कर. चूक माझ्या साखरेची आणि बोलणी तुला, असे झाले खरे.

पुढची तारीख ठरेपर्यंत रजा टाकू नकोस; तोवर शालूमावशी सोबतीला येणार आहे. तीन महिन्यांच्या साखरेसाठी उपाशीपोटी जावे लागत नाही, कचेरीत जाता जाताही रक्त देता येते. आकडा आला की मला कळव, चांगला नसला तरी कळव.

तुझी,
आई